नव्या रंगाचा वास

३ नोव्हेंबर
आलो एकदाच्या, आम्ही मायलेकी! दोन खोल्या, समोर झाड, भिंती पांढऱ्याशुभ्र. चिमणीला स्वतःची खोली मिळाली, नाचून नाचून दमली. जरासा कुबट वास येतो. घरमालक म्हणाले, नवा रंग आहे, जाईल. चिमणीचा पलंग त्यांनीच हौसेनं लावून दिला, कपाटाशेजारी. कपाट तेवढं हलवू नका म्हणाले. मी कशाला हलवतेय!

१२ नोव्हेंबर
चिमणीला खोकला. आईचा फोनवरून हुकूम, वाफ दे. खिडक्या गच्च लावून सकाळ-संध्याकाळ वाफ देते. काचांवरून पाणी ओघळतं, खोकला काही हटत नाही. वास उलट वाढलाय. मालकांना सांगितलं, तर म्हणे तुमचं नाक फार तिखट. माझी जीभ अजून पाहिली नाही त्यांनी.

२० नोव्हेंबर
चिमणी आजीकडे राहून आली. तिथे एकदाही खोकली नाही. इथे आली आणि संध्याकाळपर्यंत छाती शिट्टीसारखी वाजायला लागली. डॉक्टरीणबाई सगळं ऐकून म्हणाल्या, कपाटामागे, रंगाखाली बुरशी असेल. तिची पूड श्वासातून आत जाते. वाफेनं तर तिला खतपाणीच. म्हणजे मी, माझ्याच हातांनी—
कोरडी खरवडू नका, खिडक्या उघडा, असंही काहीसं म्हणाल्या. माझं डोकं इतकं तापलं होतं की धड ऐकलंच नाही.

२१ नोव्हेंबर
चिमणीला आजीकडे पोचवलं. कपाट ओढलं. छतापासून जमिनीपर्यंत काळं, केसाळ. पोपडा उचलला तर वर रंग, खाली काळं, खाली पुन्हा रंग, पुन्हा काळं. भाडेकरू बदलला की मेल्यानं एक हात मारायचा! ठाऊक होतं त्याला. ठाऊक असून माझ्या लेकीचा पलंग इथे लावला. उलथनं घेतलं आणि खरवडत सुटले. खिडकी उघडायचंही भान नव्हतं.

२२ नोव्हेंबर
मालकाला फोनवर सांगितलं, घर सोडतेय. म्हणाला, बरं, उद्या रंग घेऊन येतो, एक कुटुंब बघायला येतंय. असा फैलावर घेणार आहे— एकेक शब्द जुळवून ठेवलाय.
खोलीत शिट्टी वाजतेय. चिमणी तर इथे नाही—

२३ नोव्हेंबर
शिट्टी माझ्याच छातीत—
जिन्यात तो. सांगतोय कुणाला तरी, नवा रंग आहे, वास जाईल— बाळ हसलं—
तोंड उघडलं. आवाज नाही. हवाच—
त्याच्याकडच्या किल्लीनं दार उघडतोय— अगं बाई, आत नको, बाळाला घेऊन—