हरणाऱ्याची उशी

४ मार्च, सकाळ
म्हणे, आजी, तू फक्त तोंड बंद ठेव! जागा माझी, खुर्च्या पुसल्या मी, पडदे शिवले मी, आणि उद्घाटनाच्या दिवशी माझ्या वाट्याला काम आलं ते हे. असो. वही, तुला नमस्कार. चौथीनंतर आज पहिल्यांदा लिहितेय, अक्षराला हसू नकोस.

यांचं शिलाईचं दुकान होतं तिथे नातीने बार काढलाय. टीव्हीवर फक्त बायकांच्या फुटबॉल मॅच. नात स्वतः गोलकीपर होती, गुडघा गेला. मैत्रिणींबरोबर कुठेही मॅच बघायला बसली की तिथले बाप्ये चॅनल बदलायचे. म्हणून आता स्वतःचा टीव्ही, स्वतःचा रिमोट. माझी हरकत नाही. बहिणीला मात्र सरबताचं दुकान म्हणून कळवलंय.

६ मार्च
इथली पद्धत अशी. खरी मॅच होते आपण झोपल्यावर. नात ती रेकॉर्ड करते आणि दुसऱ्या दिवशी चारला लावते. येणाऱ्या बायका तोवर बातम्या बघत नाहीत, पेपर उघडत नाहीत, ऑफिसात कुणी खेळाचं काढलं की कानात बोटं घालतात. दारात आल्या की फोन माझ्या टोपलीत. निकाल ठाऊक असलेल्या माणसाला प्रवेश नाही.

मी सकाळी रेडिओ लावते, पण तो हवामानासाठी. मध्येच निकाल सांगतात त्याला मी काय करू? शिवाय माझ्या पोटात गेलेली गोष्ट म्हणजे विहिरीत पडलेला दगड. बहिणीची लग्नाआधीची भानगड मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. सुनेला सांगितली, पण ती घरचीच.

९ मार्च
अकरा जणी आल्या. त्यात एक बस चालवणारी, ती लाल शर्टवाल्यांची. एक हॉस्पिटलातली नर्स, ती निळ्यांची. दोघी मुद्दाम शेजारी बसतात आणि नव्वद मिनिटं एकमेकींचा उद्धार करतात. नर्स म्हणाली, तुमची सात नंबरवाली धावतेय की भाजी घेऊन घरी निघालीय? बसवाली म्हणाली, तुमची गोलकीपर पाहुण्यांना दार उघडावं तशी बॉलला आत घेते, चहा तेवढा विचारायचा राहिला. मला दोघी पसंत पडल्या.

आज निळ्या हरणार होत्या. मी चकार शब्द काढला नाही. नर्सला फक्त उशी दिली. खुर्च्या सगळ्या लाकडी, मऊ उशी एकच, यांच्या मशीनच्या स्टुलावरची. हरायचंच आहे तर निदान बूड तरी मऊ राहो.

१३ मार्च
आज लाल हरणार. उशी बसवालीला. मॅच सुरू व्हायच्या आधीच ती उशीकडे बघून म्हणाली, संपलं! बाई अंतर्ज्ञानी दिसते.

एकीने दुसरा ग्लास मागितला. मी म्हटलं, आधी पहिला जिरू दे. नातीने मला काउंटरवरून उठवून कायमचं टोपलीपाशी बसवलं. बढतीच म्हणायची. दार ज्याच्या हातात, घर त्याच्या हातात.

१७ मार्च, दुपार
मुलगा आला, म्हणजे नातीचा बाप. उभ्या उभ्या खुर्च्या मोजल्या. म्हणाला, आई, बायकांचा खेळ बघायला कोण येणार आहे? दातांचा डॉक्टर जागा मागतोय, उद्या येऊन बसेल. माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, येत्या रविवारी फायनल लागणार, लाल विरुद्ध निळ्या. वीसच्या वीस खुर्च्या शेवटच्या शिट्टीपर्यंत भरलेल्या दाखवते. एक जरी रिकामी दिसली तर किल्ली तुझी. तो म्हणाला, लिहून ठेव. हे घे, लिहिलं.

संध्याकाळी नातीला सांगितलं. ती एकच ग्लास किती तरी वेळ पुसत राहिली. मग म्हणाली, आजी, मला विचारायचंस तरी. जिंकलेल्या पैजेचं काय विचारायचं?

१८ मार्च
सकाळपासून चारदा दुकानात जाऊन खुर्च्या मोजल्या. वीसच. एक डुगडुगते. पायाखाली पुठ्ठा घातला. आता दुसरी डुगडुगते.

१९ मार्च
नातीने समोर बसवून उशीचं काढलं. म्हणे, अख्ख्या बारला ठाऊक आहे. उशी ज्याच्या बुडाखाली, तो संघ गेला. परवा दोघी उशी बघून मॅच सुरू व्हायच्या आत उठून गेल्या. साफ खोटं. त्यांना बस पकडायची होती.

तरी मोठ्या मनाने संकल्प केला: फायनल होईपर्यंत रेडिओ बंद. मी तो स्वखुशीने तिच्या हवाली केला. तिने आधीच कपाटात कोंडला होता ही गोष्ट वेगळी.

२२ मार्च, रविवार, सकाळ
फायनल काल होऊन गेली. जगाला निकाल ठाऊक, मला नाही. हवामानही नाही. छत्री घेऊन निघाले, अर्ध्या रस्त्यातून परत आले, छत्री ठेवली, पुन्हा निघाले. वाटेत शेजारणीकडे डोकावले, सहज, रेडिओच्या बाजूने. कुलूप होतं. संकल्प माझा पक्का.

साडेतीन
खुर्च्या भरल्या! नर्सने आख्खा वॉर्ड आणलाय. बसवालीने डेपो आणलाय. चौघी भिंतीला टेकून उभ्या. मुलगा दारात, तोंड कारलं खाल्ल्यासारखं. मी त्याला मुद्दाम फोन टोपलीत टाकायला लावला.

पावणेपाच, हाफटाइम
शून्य-शून्य. बसवत नाही. फोन दोनदा मोजले. नर्स सकाळपासून ड्यूटी करून आलेली, कंबर धरून बसलीय. तिला उशी देऊन आले. माणुसकी म्हणून काही आहे की नाही?

पाच
काय झालं ते नीट लिहिते.

उशी दिली आणि सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. नर्सने उशीकडे असं बघितलं जसं आपण डॉक्टरच्या हातातल्या रिपोर्टकडे बघतो. बसवाली खुर्चीवर चढून ओरडली, जिंकलो! मी म्हटलं, अगं, मला काही ठाऊक नाही, शपथ! नर्स म्हणाली, आजी, तुमचं तोंड एक वेळ खोटं बोलेल, उशी नाही बोलणार. तिने टोपलीतून फोन उचलला. मागे अख्खा वॉर्ड. हरलेली फायनल कोण बघत बसणार? आणि जिंकलेली तरी कोण? डेपो नाचत नाचत रस्त्यावर गेला.

सहा
शेवटच्या मिनिटाला निळ्यांनी गोल घातला. त्याआधी निळ्यांच्या गोलकीपरने असा एक बॉल अडवला की नात तो दुखरा गुडघा विसरून उभी राहिली. मी बघितलं. मुलानेही बघितलं. चौथं माणूस नव्हतं.

शिट्टी झाली. मुलाने खुर्च्या मोजल्या नाहीत. हात तेवढा पुढे केला.

२३ मार्च, सकाळ
दातांचा डॉक्टर टेप घेऊन आलाय, टेपचं दुसरं टोक धरायला मुलगा. जिथे टीव्ही होता तिथे त्याची खुर्ची येणार म्हणतो.

तोंडातून मी एक शब्द काढला नव्हता हे पुन्हा एकदा नोंदवून ठेवते.

नात म्हणाली, दुसरी जागा बघेन. मला नेणार का ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. टीव्ही पेटीत घातला, ग्लास पेपरात गुंडाळले. सगळं आवरून झाल्यावर उशी झटकली, आणली आणि माझ्या स्टुलावर ठेवली. म्हणाली, बस आजी.

बसले.

काउंटरवरचा फोन सकाळपासून वाजतोय. तिसऱ्यांदा नर्स. पहिल्यांदा उचलला तेव्हा म्हणाली, निळ्या जिंकल्या, आज चारला परत लावा, सगळ्यांना घेऊन येते. मी घसा खाकरून ठेवून दिला. आता पुन्हा वाजतोय. मी हात लावणार नाही. किल्ली ज्याच्या खिशात आहे त्यानेच सांगावं तिला, चारला इथे काय लागणार आहे ते. बघत काय बसलास? उचल.