कोपरा फाटलेलं कार्ड

अव्वा, आज ट्रंक आवरताना कोऱ्या पोस्टकार्डांचा गठ्ठा सापडला. कडा पिवळ्या पडल्यात. नोकरी लागली तेव्हा तूच या लेकीला बजावलं होतंस, बदली झाली की आधी कार्ड टाकायचं, मग पाणी प्यायचं. माझी नोकरीच तशी होती. जिथली नर्स रजेवर जाईल तिथं मला पाठवायचे. दोन महिने साताऱ्याकडच्या डोंगरात, तीन महिने आपल्याकडच्या उघड्या माळावर. ट्रंक कधी पुरती उघडलीच नाही. कुंभारीला, आपल्या गावी, कार्ड आलं की तू ते पदराखाली धरून शेजारच्या मास्तरांकडं जायचीस आणि दोनदा वाचून घ्यायचीस.

दुष्काळाचं साल होतं. कुंभारीची विहीर आटलेली आणि मी डोंगरात, जिथं धुक्यात दवाखान्याचं फाटकसुद्धा दिसत नाही. लोक म्हणायचे, नर्सबाई, नशीब काढलंत. कसलं नशीब! चादरी वाळत नव्हत्या, आणि तापाची पोरं पाठीवर घेऊन बाया दोन-दोन डोंगर उतरून यायच्या. तशाच एका दुपारी मी बाहेर आले, तर पायरीवर तू. लुगडं अंगावरच वाळलेलं, पायांत वहाणा नाहीत. तू उठलीस, माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवलेस आणि म्हणालीस, "हायस की गं तू!"

मग एकेक कळत गेलं. शेतावरून आलीस तर दारात कार्ड पडलेलं, आणि त्याचा कोपरा फाटलेला. आपल्यात कोपरा फाडून कुठलं पत्र धाडतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मयताचं. तुला कार्ड धाडणारी जगात मी एकटी, म्हणजे ते माझंच असणार. असलं कार्ड घरात न्यायचं नाही म्हणून तू ते बाहेर दगडाखाली ठेवलंस, अंगावरून पाणी घेतलंस आणि आधीच्या कार्डातलं दवाखान्याचं गाव विचारत ओल्या लुगड्यानं एसटी धरलीस. मास्तरांना विचारलंसुद्धा नाहीस.

मी काय केलं? डॉक्टरांसमोर, सगळ्या बायांसमोर ओरडले. "कुणाकडून वाचून तरी घ्यायचंस! पोस्टात फाटला असेल कोपरा. अडाणी ती अडाणीच राहिलीस!" तू खाली बघत म्हणालीस, "चुकलं बाई माजं. वाचून घ्यायाचं धाडस न्हाय झालं." एवढंच. तिथल्या झऱ्याकडं बघून मग म्हणालीस, "लई पानी हाय की गं हितं." औषधाची रिकामी बाटली मागून घेतलीस, धुऊन त्यात पाणी भरलंस आणि कडक भाकरीचं गाठोडं माझ्या हातात दिलंस. राहा म्हणायला मला काय धाड भरली होती? पण लाज वाटत होती ना तुझी, त्या वाळक्या लुगड्याची. चारच्या गाडीत बसवून दिलं. खिडकीतून तू हात हलवत होतीस आणि मी पाठ फिरवून आत गेले.

पुढच्या उन्हाळ्यात तू गेलीस. मास्तरांनी टाकलेलं कार्ड आधी डोंगरातल्या पत्त्यावर गेलं, तिथून माझ्या पुढच्या बदलीच्या जागी, मोहोळला, आणि तिथून मी होते त्या माळावर. त्या वेळी कोपरा खरंच फाडलेला होता. तुझी माती होऊन बारा दिवस झाले होते. हातात कुणाच्या तरी बाळाला टोचायची सुई होती. टोचली, आणि मग बसले.

अव्वा, तो पहिला कोपरा पोस्टात फाटला नव्हता. कार्ड लिहून टेबलावर ठेवलं होतं. एक बाई पोराला घेऊन आली, तुझ्यासारखीच, अक्षरओळख नसलेली. गोळ्या किती वेळा द्यायच्या ते तिला कळावं म्हणून मी हाताला लागला तो कागद फाडला, त्यावर तीन रेघा ओढून दिल्या, आणि उरलेलं कार्ड तसंच पोस्टाच्या पेटीत टाकलं. पायरीवर तू "कोपरा" म्हणालीस तेव्हाच मला ते आठवलं. म्हणून तर इतकी ओरडले.

तू असतीस तरी हे लिहून धाडता आलं नसतं. मास्तरांनी मोठ्यानं वाचलं असतं.