एकमत

३ मार्च, सकाळी ९
निश्चय: आजपासून मांसाहार बंद. नुसता माझा नाही, अख्ख्या छापखान्याचा. प्लांट-बेस्ड खाणं हीच खरी लोकशाही! (वाक्य छान जमलंय. पत्रकात घालणे.)

दुपारी २
कँटीनमध्ये चिकन होतं. वाढलेलं टाकणं म्हणजे अन्नाचा अपमान. निश्चय उद्यापासून.

११ मार्च
पत्रकं वाटली. मेहुण्याने (बाइंडर आहे, मीच त्याला इथे चिकटवला) पत्रकाची घडी करून टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली घातली. असो. चळवळ पायापासूनच उभी राहते.

८ एप्रिल
सभा. बुधवारचं मटण बंद, त्याऐवजी मसूर. हात वर करा म्हटलं. माझा धरून बेचाळीसच्या बेचाळीस हात वर! ठराव एकमताने मंजूर. सौ. म्हणाली, अहो, हात वर केले की सभा लवकर सुटते. तिला राजकारण कळत नाही.

९ एप्रिल
हात वर करणं म्हणजे कच्ची लोकशाही. गुप्त मतदानाचा आग्रह मीच धरला. मशीनमन म्हणाला, कशाला उगाच, साहेब? किती काळजी माझी!

१५ एप्रिल, बुधवार
मतदान. पेटी कँटीनच्या खिडकीत. आत मटण शिजत होतं. स्वयंपाकाच्या मावशींनी पळी बाजूला ठेवून पहिलं मत टाकलं. मला खूण करायला जरा वेळ लागला. खिडकीपाशी गर्दी फार.

संध्याकाळी
मटण ४१. मसूर १. कंपोझिटर म्हणाला, साहेब, एकमत झालं की! सगळे फिदीफिदी हसले. दगा! केसाने गळा कापला माझा!

१६ एप्रिल
मेहुण्याला खडसावलं. म्हणाला, भाऊजी, मी मटणालाच दिलं. लाज नाही. बोलणं टाकलं. आता असल्या माणसांवर पुन्हा विश्वास ठेवणे नाही.

१७ एप्रिल
मावशींनी जिन्यात गाठलं. म्हणाल्या, तुमचं पत्रक वाचल्यापासून महिना झाला, सगळ्यांना मटण रांधून घालते, पण स्वतः तोंडाला लावत नाही. मत तुम्हालाच दिलं. मला भरून आलं. एक तरी माणूस माझं ऐकून बदललं!

मग म्हणाल्या, पण साहेब, माझं एक आणि तुमचं एक, दोन निघायला हवी होती. कुणीतरी तुमचं मत चोरलंय. परत मोजायला लावा.

मान वर करवेना. म्हटलं, जाऊ द्या मावशी. मतदान गुप्त असतं.