बोलावणारी भुकटी

सोमवार, ३ जून
नोकरी लागली! पांढरा कोट आईने स्वतः इस्त्री करून दिला. प्रयोगशाळा छान आहे, भरपूर उजेड, मागे उंदरांची खोली. इथे जिवाणूंकडून उंदराचं एक प्रथिन बनवून घेतात. सायटोकाइन म्हणतात त्याला. जखम झाली की शरीर ते सोडतं आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्या दिशेने धावत येतात. म्हणजे हे एक बोलावणंच. वाळवून कुपीत भरलं की इतकं थोडं असतं, की कुपी रिकामी वाटते. म्हणून उघडण्याआधी ती यंत्रात गरगर फिरवायची. झाकणाला चिकटलेली भुकटी तळाशी बसते. माझी सुरुवातीची वर्षं घरीच, आईकडे शिकण्यात गेली. आधी वाच, मग हात लाव, हा आईचा पहिला धडा.

बुधवार, ५ जून
या लोकांच्या हाती मी दूधही तापवायला देणार नाही. आमच्या मॅडम हातमोज्यांनी कान खाजवतात आणि त्याच हातमोज्यांनी कुप्या भरतात. माझ्यासोबत काम करणाऱ्या मुलाला सगळे पंडित म्हणतात. पांडित्य एवढंच, की सूचना वाचण्यात कमीपणा वाटतो. मी कुपीवरची प्रत्येक चिठ्ठी दोनदा वाचते म्हणून तो मला घरकोंबडी म्हणतो. म्हणू दे. गाढवाला गुळाची चव काय!

शुक्रवार, ७ जून
पंडितने आज कुपी न फिरवताच उघडली. उजेडाकडे धरली, म्हणाला, ही भरलीस की नुसतं झाकण लावलंस? आणि मला दाखवायला तिच्यात फुंकर मारली. सगळं माझ्या तोंडावर. मी धावत जाऊन तोंड धुतलं, नोंद करा म्हणून मॅडमच्या मागे लागले. त्या म्हणाल्या, अगं बाई, उंदराचं आहे ते, माणसाला ओळखतसुद्धा नाही. पंडित म्हणाला, शेपूट फुटलं तर आधी मला दाखव. हसा. अक्कल काही विकत मिळत नाही.

मंगळवार, ११ जून
सूक्ष्मदर्शकाखाली उंदराच्या पांढऱ्या पेशी बघत होते. बशीभर विखुरलेल्या असायला हव्यात. सगळ्या माझ्या बाजूला गोळा झालेल्या. बशी उलटी फिरवली. सरपटत पुन्हा माझ्याकडे आल्या. पंडित म्हणाला, टेबल वाकडं असेल. टेबल म्हणे!

गुरुवार, १३ जून
उंदीर. सगळ्यांना गाठी, मी उभी होते त्याच बाजूला. पलीकडे गेले. गाठी कातडीखालून सरकत आल्या. मॅडमचं निदान: उंदीर आजारी, आणि तुझं डोकंही.

शुक्रवार, १४ जून
मॅडमचा माझ्याकडचा गाल सुजलाय. दाढ म्हणे. पंडितची मान. डास म्हणे. शिकलेली माणसं! माझ्या अंगात गेलेलं आता उंदराचं उरलेलं नाही, माणसांच्या पेशींनाही बोलावतंय. मी जागा बदलली तर सूजही — सांगितलं. हसले. अर्ध्याच तोंडाने.

शनिवार
सामानाच्या खोलीत स्वतःला कोंडून घेतलंय. घरी जायचं नाही. आई शेजारी बसेल, कपाळाला हात लावेल — फोनवर सांगितलं, येऊ नकोस. ती विचारत राहिली, का, का, का —

रविवार
आली. त्या मूर्खांनीच कळवलं. पंडितने दुसरी किल्लीही दिली. दाराला टेकून म्हणते, बाळा, उघड, मी काय परकी आहे का? ओरडले, मागे हो आई, मागे — म्हणते, कानाजवळ काहीतरी ठणकतंय, पण ते राहू दे, आधी तुला बघू दे — किल्ली फिरतेय — दार उघडतंय — आई, नको, तुझा गाल