आवाज कुणाचा?

४ ऑगस्ट
रुजू झाले! बंगळुरातल्या येलहंक्याचं मानसोपचार केंद्र, काम रुग्णांना सोबत करायचं, आणि माझी पात्रता एकच — कानात आवाज यायचा, आणि त्यातून बाहेर आले. इतके दिवस लपवलं, आता त्याचाच पगार! डॉ. सुधींद्र म्हणाले, "मनस्विनी, तुमचा अनुभव आम्हाला हवाय. पण अनुभव म्हणजे ज्ञान नव्हे."
मग काय असतं ते? विचारायचं धाडस झालं नाही. पोळलेल्याला चटका कळतो, हे त्यांनाही मान्य असेल. मलम कुठलं लावायचं ते कळतं का? कळतं की! मला कळलं.

७ ऑगस्ट
सुप्रीता इथे उपचारांना येते; कॉलेजात जाणारी, आपल्याच मराठी लोकांतली. केंद्रात कुणाशी बोलत नाही — माझ्याशी बोलली! तिलाही आवाज येतो. मी माझा उपाय शिकवला. मोठ्यानं दटावायचं, "गप्प! चालता हो!" माझा तसाच गेला. "सरी अक्का," म्हणाली, म्हणजे बरं ताई.
डॉक्टरांना सांगितलं नाही. आज फार खूश आहे मी.

११ ऑगस्ट
सुप्रीता आली नाही.

१२ ऑगस्ट
आजही नाही. फोन केला, तिच्या वडिलांनी घेतला. जेवत नाही, गोळ्या घेत नाही, भिंतीकडे तोंड करून पडून आहे. तशीच धावत गेले. डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं. रागावले. मग म्हणाले, "मी तरी काय विचारलं तिला? आवाज किती वेळा येतो, किती मोठ्यानं येतो. चला तिच्या घरी."
डॉक्टर वडिलांशी बोलत बसले, मी आत सुप्रीताकडे गेले.
"तुमचा आवाज शिव्या देत असेल अक्का. माझा अण्णा आहे तो. थोरला भाऊ. अपघातात गेला की गेल्या वर्षी. त्याला मी चालता हो म्हणाले!"
"काय म्हणायचा अण्णा?"
"जेवलीस का, म्हणायचा. आता विचारतच नाही."
दोघी रडलो.
परतताना डॉक्टरांना विचारलंच — माझा अनुभव खरा, तिचाही खरा, मग ज्ञान कुणाकडे? हेब्बाळच्या सिग्नलपर्यंत वाद घालत आलो. बरं वाटलं.

१९ ऑगस्ट
सुप्रीता आली. थोडं थोडं जेवते आहे. चहा पिताना सहज म्हणाली, "तुमचा आवाज कुणाचा होता, अक्का?"
इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.
आईचा. तिच्याच आवाजात शिव्या यायच्या मला. आत्ता मी हे लिहिते आहे, आणि ती बाहेरच्या खोलीत बसून माझ्या उद्याच्या डब्याची भाजी निवडते आहे.