वहिनीचा होकार

मंगळवार, उमरखेड

काल कळलं, अजून सावरले नाही. बायकांच्या आरोग्यावर मी गावोगाव गरजते, आणि माझ्याच घरात वहिनी शेवटच्या बाळंतपणापासून अंग, म्हणजे गर्भपिशवी, बाहेर येतं म्हणून जुन्या लुगड्याची पट्टी घट्ट बांधून कापूस वेचते! ती पट्टी दोरीवर वाळायची. मला फडकं वाटायचं. फडकं!

"सांगतलं काहून नाही, वहिनी?"

"सांगून का करू? डॉक्टर तपासन ना! बाप्यामानूस असते थो."

आज मात्र नागपूरला रोबोटनं हे ऑपरेशन होतं, असं मी सांगितलं, तर लगेच म्हणाली, "मशीन करते तं मी तयार हाव, बाई."

मशीनला लाज नाही, म्हणून तयार! हा गैरसमज तसाच राहू द्यायचा? मन झालं क्षणभर. पण नाही, फसवून नेणार नाही. सांगितलं, रोबोट आपल्या मनानं काही करत नाही, बाजूला बसून डॉक्टरच त्याचे हात चालवतो. आणि तिथला डॉक्टर पुरुष आहे.

वहिनी दोरीवरची पट्टी काढू लागली. संपलं, वाटलं.

"त्याले काय दिसते?"

"पडद्यावर पोटाच्या आतलं."

"अन् माहं तोंड?"

"ऑपरेशनात थे कपड्याआड असते. अन् आधी तपासाले बाई डॉक्टर मागून घेऊ."

"मंग कळवा त्याले, येतो मनून."