आबांचं सलोनिका, माझं धुळं

आबा,

तुम्ही लढाईवरून परत आलात तेव्हा मी लहान होते, आणि लढाईचं तुम्ही कधीच काही सांगितलं नाही. सांगायचात ते सलोनिकाचं. ग्रीस देशातलं ते बंदराचं शहर. तिथे तुम्ही लष्कराची लॉरी चालवत होतात. बोदवडच्या आपल्या घरात, आई भाकरी थापत असताना, चुलीजवळ बसून त्या शहरात कसं हिंडायचं आणि कुठे काय खायचं हे तुम्ही असं समजावायचात, जणू उद्या आम्हा सगळ्यांनाच तिकडे निघायचं आहे. वाट चुकली तर उतार धरायचा, खाली समुद्र लागतोच. दुपारी कुणाचं दार वाजवायचं नाही, सगळं गाव झोपलेलं असतं. खानावळीत नुसतं बसून राहायचं नाही. सरळ आत जायचं, भांड्यांवरची झाकणं उचलायची आणि हवं त्याला बोट दाखवायचं. “माह्या चुलीपाशी असं कोनी आलं तर उलथनंच हाणीन,” आई म्हणायची.

आम्ही सगळ्यात जास्त हसायचो ते तुमच्या तिथल्या पहिल्या दिवसाला. पावाच्या दुकानात तुम्ही खुणेने विचारलंत, पाव आहे का? बाई म्हणाली, “ने, ने.” तुम्हाला ते ‘ना, ना’ असं ऐकू आलं, वाटलं, नाही म्हणते आहे. उपाशीच परत फिरलात. त्यांच्या भाषेत ‘ने’ म्हणजे ‘हो’, हे मागाहून कळलं. “म्हनून तुले सांगतो पोरी, परक्या गावात एकदा ऐकून माघारी फिरू नको. दुसऱ्यांदा इचार.”

पुढे मी मॅट्रिक झाले आणि धुळ्याच्या ट्रेनिंग कॉलेजात मुलाखतीचं बोलावणं आलं. आपल्या भावकीतली मुलगी तोवर एकटी कुठे गेली नव्हती. तुम्ही सोबत येणार होतात, पण ऐन वेळी तापाने फणफणलात. आई म्हणाली, यंदा राहू दे. तुम्ही अंथरुणातूनच म्हणालात, “जाईल ती. परकं गाव तिले तुह्यापेक्षा जास्त ठाऊक हाय.”

जळगावपर्यंत रेल्वे नीट गेली, पण शिदोरी मी तिथल्या फलाटावर विसरले. पुढे एसटी पारोळ्याजवळ बंद पडली. धुळ्याला उतरले तेव्हा पोटात सकाळपासून काही नाही आणि मुलाखतीची वेळ होत आलेली. स्टँडसमोरच्या एका खानावळीच्या दारात जाऊन उभी राहते. आत सगळे पुरुष. वाढणारी बाई मला बघून म्हणते, “बठ्ठं सरी गयं.” सगळं संपलं, एवढं मला कळतं. पुढेही ती भरभर काही बोलते, पण तिची बोली निराळी, आपली निराळी, आणि मी तोवर पायरी उतरलेली असते. समोर जळगावची गाडी उभी आहे. मी तिच्यात चढायला पाय उचलते. खरंच उचलते, आबा.

आणि तेवढ्यात मला तुम्ही दिसलात, सलोनिकातल्या त्या पावाच्या दुकानाबाहेर, उपाशी. हसूच आलं. परत फिरले, कुणाकडे न बघता थेट चुलीपाशी गेले आणि विचारलं, “काहीच नाही का?”

“ओ माय! मी बस बस म्हनी ऱ्हायनू, नि तू कथा पळी गयी? भाकर टाकी ऱ्हायनू ना!” मघाशी ती मला बसायलाच सांगत होती, ताज्या भाकरी टाकायला घेतल्या होत्या.

मी एका पातेल्यावरचं झाकण उचललं. तळाशी वांग्याचं भरीत होतं. बोट दाखवलं तशी ती हसली. ज्वारी-उडदाच्या कळण्याची गरम भाकरी ताटात टाकत म्हणाली, “एकली शे का?” मी म्हटलं, हो, मास्तरीण व्हायला आले आहे. माझं जेवण होताच तिने हात पुसले, बाहेर जाऊन टांगेवाल्याला हाक मारली आणि त्याला दम भरला, “मनी पोर शे, बराबर पोचाडी दे.” माझी पोर, म्हणाली ती.

कॉलेजात पोचले तेव्हा माझंच नाव पुकारत होते.

परतताना बोदवडला उतरते, तर घोंगडी पांघरून तुम्ही फलाटावर. अंगात ताप होताच. “झालं?” “झालं आबा. घेतलं मला.” तुम्ही बाकावर बसलात आणि डोक्यावरचा भारा उतरवावा तसा लांब श्वास सोडलात. मग मी खानावळीचं सांगितलं, तेव्हा इतके हसलात की गाडीतली माणसं खिडकीतून वाकून बघायला लागली.

माझा जन्म मास्तरकीत गेला, आबा, आणि चांगला गेला. तुम्ही आता नाही, तेव्हा हे पत्र कपाटातच राहील. फक्त एक बोलायचं राहून गेलं होतं. त्या सकाळी तुम्हाला ताप चढला तेव्हा मला वाईट वाटलं, आणि मनातून थोडं बरंही वाटलं. मला एकटीलाच जायचं होतं.